मौनाची मुदत

माझ्या मिहूचा आकडा अठ्ठावीस आला तेव्हा आरोग्य केंद्रातली सिस्टर आधी माझ्याकडे बघून हसली आणि मग तिने स्वतःची पाण्याची बाटली माझ्यापुढे केली. त्या बाटलीवरूनच मला कळलं. जूनमधल्या चंद्रपुरात कोणी कोणाला आपलं गार पाणी उगाच देत नाही.

"अठ्ठावीस म्हणजे?" मी विचारलं. अठ्ठावीस म्हणजे काय हे मला पक्कं माहीत होतं. याच विषयावर मी आमच्या खासदारबाईंना टिपणं लिहून देते. तरी विचारलं.

"म्हणजे जपायचं. आत्ताशी आठ महिन्यांची आहे. मोठं झाल्यावर वाढतोही आकडा. कोणाकोणाचा."

"आणि कोणाकोणाचा नाही?"

"मॅडम, मागे लाइन आहे."

मी मिहूला खांद्यावर घेतलं आणि बाहेर आले. तिच्या मानेच्या वळीत बोट घालून पाहिलं, ओलं आहे का. आता मी हे दिवसातून कितीदा करते ते मलाच माहीत नाही.

चंद्रपूरच्या माणसाला ही आकड्याची सगळी भानगड कूलरवरून चटकन कळते. मे महिन्यात हवा कोरडी असते, तेव्हा कूलरच्या ओल्या वाळ्याच्या ताट्यांतून येणारं वारं इतकं गार लागतं की रात्री चादर घ्यावी लागते. जूनमध्ये आभाळ भरून आलं की तोच कूलर नुसती चिकचिक करतो, कारण हवेतच इतकी वाफ असते की ताट्यांवरचं पाणी उडत नाही. आपलं शरीर हाही एक कूलरच. घाम सुटतो, उडतो आणि उडताना उष्णता घेऊन जातो. तो उडालाच नाही तर नुसता ओघळतो, आणि आतला ताप आतच साचत जातो. म्हणून शास्त्रज्ञ तापमापीच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून तिथलं तापमान बघतात. त्याला ओलं तापमान म्हणतात. मे महिन्यात बाहेर सेहेचाळीस असलं तरी ओलं तापमान चोवीस-पंचविसातच राहतं. जूनमध्ये बाहेर अडतीस असतं आणि ओलं तीसच्या वर चढतं. अडतीस ऐकून लोकांना हायसं वाटतं. माणसं मरतात ती या अडतीसात.

पूर्वी समजायचे की ओलं पस्तीस ही सगळ्या माणसांची हद्द. पुढे कळलं की हद्द बरीच खाली आहे आणि प्रत्येकाची वेगळी आहे. ती शोधणारं यंत्र निघालं. रक्ताचा थेंब एका काचेवर ठेवतात आणि काच हळूहळू तापवतात. ताप लागला की पेशी स्वतःला वाचवायला एक प्रकारची प्रथिनं बनवतात; कोणाच्या पटापट बनवतात, कोणाच्या रेंगाळतात, आणि एका टप्प्यावर सगळ्याच हात टेकतात. शिवाय पाठीवर दिवसभर एक टिकली चिकटवतात, ती घाम मोजते. दोन्हींचा मेळ घालून यंत्र सांगतं, एवढ्या ओल्या तापमानापर्यंत हे शरीर काही तास तग धरेल. यंत्राला लांबलचक परदेशी नाव आहे. आमच्याकडे त्याला तवा म्हणतात. 'तुझा तवा किती?' हे आता मुलगी बघायला आलेली माणसंसुद्धा विचारतात.

आमच्या जिल्ह्यात हा प्रयोग गेल्या वर्षापासून चालू आहे. माझा नवरा प्रणय, त्याचा तवा तेहेतीस. सासूबाईंचा बत्तीस. माझा एकतीस. आणि मिहूचा अठ्ठावीस, म्हणजे जूनमधला कुठलाही ढगाळ दिवस.

त्याच दुपारी मला ताईंना कलम सात वाचून दाखवायचं होतं.

ताई म्हणजे उज्ज्वलाताई मुनघाटे, आमच्या खासदार. वेगवेगळ्या देशांतल्या खासदारांची एक समिती 'उष्णता आणि मानवी हक्क' या कराराचा मसुदा तयार करत होती, आणि तीत ताई आपल्या देशाकडून होत्या. नैरोबीतलं अधिवेशन संपवून त्या विमानतळावर बसल्या होत्या. मी चंद्रपुरात, त्यांच्या संपर्क कार्यालयाच्या मागच्या खोलीत, मिहूच्या झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून बसले होते.

या समित्यांत हात वर करून मतदान असं जवळपास होतच नाही. शेवटचा मसुदा सगळ्यांना पाठवतात आणि मुदत देतात. मुदतीत कोणाची लेखी हरकत आली नाही तर तो सर्वांना मान्य. याला मौन प्रक्रिया म्हणतात. एकानेही मौन मोडलं तर ते कलम पुन्हा कंसात जातं, म्हणजे वादात पडतं, आणि पुढच्या अधिवेशनापर्यंत तिथेच राहतं. पुढचं अधिवेशन दोन वर्षांनी होतं. मुदत होती दुसऱ्या दिवशी दुपारी चारपर्यंत.

भांडण असं होतं की संरक्षण जागेला द्यायचं की माणसाला. ताईंचं आधीपासूनचं म्हणणं, जागेला द्या. जिथे ओलं तापमान ठरावीक हद्दीपार जातं तिथल्या प्रत्येकाला काम थांबवायचा, गारव्यात बसायचा, कुटुंबासकट दुसरीकडे जायचा हक्क. थंड देशांचे खासदार म्हणायचे, एवढ्या माणसांना पुरेल इतकी गार जमीन आणि वीज कुठून आणायची? आता तवा आहे, तर ज्याला खरंच सोसत नाही त्याला आधी द्या. हे म्हणणं वेडगळ नव्हतं. दोन वर्षं भांडून समिती शेवटी माणसावर, म्हणजे आकड्यावर, येऊन थांबली होती.

ताई मसुदा स्वतः वाचत नाहीत. "डोळ्यांनी वाचलं की ते वकिलाचं वाटतं, कानांनी ऐकलं की माझं वाटतं," असं त्या म्हणतात. जिल्हा परिषदेत होत्या तेव्हापासूनची ही सवय. मी वाचायचं आणि प्रत्येक पोटकलम बचत गटाच्या बैठकीत सांगावं तसं सांगायचं. त्यावर त्या निर्णय घेतात.

"हां, सांग ईश्वरी. विमान लेट आहे, कान मोकळे आहेत."

"पोटकलम एक. ज्यांचा आकडा कमी, त्यांना गारव्याचा हक्क. सवलत नाही ताई, हक्क. सरकारने दिला नाही तर कोर्टात जाता येईल."

"टिकला म्हणायचा हक्क! मला वाटलं 'शक्य असल्यास' घुसडतील शेवटी."

"नाही घुसडलं. पोटकलम दोन. एकोणतीसच्या खालच्या लहान मुलांना गार भागात राहायला जागा. शाळा, दवाखाना सगळं धरून. सोबत एक पालक. आपल्याकडे चिखलदरा ठरलंय."

"एकच पालक?"

"एकच."

"मग बापाने काय कूलरला धरून बसायचं? बरं, ते पुढे भांडू. पुढे?"

पुढे पोटकलम तीन होतं. ते माझ्यासमोर उघडं होतं. 'ज्यांचा आकडा निर्धारित मर्यादेच्या वर आहे त्यांच्या बाबतीत, त्या मर्यादेपर्यंत, राज्याचे व नियोक्त्याचे कोणतेही दायित्व उद्भवणार नाही.' बचत गटात सांगायचं तर, ज्यांना सोसतं त्यांचं कोणी काही देणं लागत नाही.

मिहू झोळीत कुरकुरली. रडली नाही, कुरकुरली. मी उठले.

"उठली का पोट्टी?" ताईंनी विचारलं. "घे बाई तिला. मग काय, आपण गप्प राहायचं न?"

"हो ताई."

"नक्की न?"

"लहान मुलं वाचतात ताई."

"मग झालं तर. उद्या चारनंतर पेढे आणून ठेव."

मी खोटं काही बोलले नव्हते. लहान मुलं वाचतच होती. पोटकलम तीन वाचायला मी पाच मिनिटांनी फोन करू शकत होते, ताईंचं विमान दीड तास सुटलं नाही. मी मिहूला मांडीवर घेऊन तिच्या मानेत बोट घालत बसले. तळहातावर, पाठीवर, परत मानेत.

प्रणय वीज कंपनीत लाइनमन आहे. संध्याकाळी घरी आला तो शीळ घालत.

"ड्युटी बदलली," बूट काढता काढता म्हणाला. "उद्यापासून बारा ते पाच. आमच्या युनिटात तेहेतीसवाले दोघंच. साहेब म्हणाले, तुम्हीच आमचे वाघ. बाकीचे म्हणते काय, प्रण्याला खांबावर टाका, वर पोळ्या ठेवा."

"दुपारची? जूनमध्ये? हे कुठे लिहिलंय?"

"लिहायला कायले पाहिजे? तवा बघून लावतात आता. ज्याला झेपते तो चढते."

म्हणजे पोटकलम तीन अजून मान्यही झालं नव्हतं आणि माझ्या नवऱ्याला लागू झालं होतं.

सासूबाई आतून पाण्याचा गडवा घेऊन आल्या. त्या दोन दिवस जेवणाच्या ताटावरून लवकर उठत होत्या, हे मी पाहिलं होतं. विचारलं नव्हतं. डोक्यात फक्त मिहूचा आकडा होता.

"काय आला पोरीचा?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. प्रणयची शीळ थांबली. सासूबाईंनी मिहूला माझ्या हातातून घेतलं आणि पदराने वारा घालू लागल्या. घरात पंखा चालू होता तरी.

"हिच्या आजोबाचं असंच होतं," त्या म्हणाल्या. "जेवताना घामाघूम. माझ्याकडचं घेतलं असतं तर बत्तीस असतं. मले तर कधी काई होतच नाई."

हे त्या सगळ्यांना सांगतात. तव्याचा कागद त्यांनी देवघरामागच्या भिंतीला चिकटवलाय. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांना पास केलं होतं.

रात्री जेवताना मी चिखलदऱ्याचं सांगितलं. उद्या चारला मान्य झालं तर पुढच्या उन्हाळ्याच्या आत मिहूला जागा मिळेल. सोबत एक पालक.

"म्हणजे तू," प्रणय म्हणाला.

"म्हणजे मी."

"किती वर्षं?"

"आकडा वाढेपर्यंत."

"आणि नाही वाढला तर?" त्याने पोळीचा तुकडा भाजीत फिरवला आणि तसाच ठेवला. "मी सुट्टीत येत जाईन. पाहुण्यासारखा. मिहू विचारेल, आई, हे काका कोण?"

"प्रणय, असं नको बोलू."

"अगं, गंमत केली. जा तुम्ही. पोरगी वाचते न? मग जायचं. मला काय, मी वाघ आहे."

सासूबाई म्हणाल्या, "बटाट्यासारखे थंड्यात ठेवते आता पोरायले. जा बाई, जा. मी आहे याले."

कोणी भांडलं नाही. भांडण झालं असतं तर बरं वाटलं असतं मला. सगळे इतक्या समजुतीने वागले की मला झोपच लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलेलं होतं आणि पडत काहीच नव्हतं. अकरा वाजता वीज गेली. सगळ्या शहराची गेली. प्रणय बाराला कामावर चढणार तो याच बिघाडासाठी. फोनवर ओलं तापमान तीसच्या वर दिसायला लागलं. मिहूचे गाल लाल झाले आणि ती दूध ओढेना, तेव्हा मी तिला उचललं आणि सासूबाईंना म्हटलं, "चला, गारघरात जाऊ."

गारघर म्हणजे आमच्या चौकातली सरकारी इमारत. जाड भिंती, स्वतःची वीज, आत दीडशे माणसं बसतील एवढी गार खोली. प्रयोग सुरू झाल्यापासून दार हातातला पट्टा बघून उघडतं. बाहेरचं ओलं तापमान तुमच्या आकड्याच्या वर गेलं असेल तरच. मिहूच्या पट्ट्याला दार उघडलं, तिच्यासोबत एका पालकालाही. सासूबाईंनी पट्टा लावला तर लाल दिवा.

दारावर मेश्राम नावाचा पहारेकरी असतो, सगळ्यांच्या ओळखीचा. "आजी, तुम्ही बत्तीस," तो म्हणाला. "तुमच्या डोक्यावर पापड भाजून निघतील. तुम्ही कायले आत?"

"मी कुठे म्हणते मले आत घ्या?" सासूबाई हसल्या. "मी नातीले सोडायला आली. तू जा गं. मी बसते इथे."

दाराबाहेर पत्र्याचं छप्पर आणि बाक आहे. तिथे आठ-दहा जण बसलेले होते, सगळे मोठ्या आकड्यांचे. एक म्हातारा सांगत होता, माझा साडेतेहेतीस. दुसरा म्हणाला, मग तू इंजिनात बसायला पाहिजे. हशा झाला. सासूबाईंनी सरकून जागा करून घेतली.

मी आत गेले. आतला गारवा अंगाला लागताच मिहू पाच मिनिटांत दूध प्यायला लागली. मी काचेतून बाहेर बघत बसले. नुसतं बघणं हेच मला जमतं, दुसरं काय. सासूबाई पदराने वारा घेत होत्या. मग बाजूच्या बाईशी बोलल्या. मग परत वारा. मग पदर मांडीवर पडला आणि त्यांनी तो उचलला नाही.

बाजूच्या बाईच्या कपाळावरून घाम गळत होता. पलीकडच्या म्हाताऱ्याचा सदरा पाठीला चिकटला होता. सासूबाईंचा चेहरा कोरडा होता. पावडर लावल्यासारखा कोरडा.

मी मिहूला घेऊन बाहेर पळाले. त्यांचा हात हातात घेतला तर भाजल्यासारखा लागला.

"आई, घाम येत नाहीये तुम्हाला."

"बरंच आहे न मग."

"काय होतंय? खरं सांगा."

"काई नाई." मग दुसरीकडे बघत म्हणाल्या, "परवापासून पोट बिघडून राहिलं. सात-आठदा जाऊन आली. तुले पोरीच्या टेस्टचं टेन्शन होतं, म्हणून नाई सांगितलं."

तव्यावर थेंब ठेवला गेला त्या दिवशी सासूबाई धडधाकट होत्या. त्या दिवसाचा आकडा बत्तीस. आज त्यांच्या अंगात घाम करायलाच पाणी उरलं नव्हतं, आणि दाराला अजूनही त्या दिवशीची बाई दिसत होती.

"मेश्रामभाऊ, यांना आत घ्या."

"मॅडम, लाल दिवा लागला तर दार उघडत नाही. माझ्या हातात नाही."

"मग कोणाच्या?"

तो बिचारा छपराकडे बघायला लागला. कोणाच्या हातात आहे हे त्या बाकावर फक्त मला माहीत होतं.

"मुलीसोबतचा पालक बदलता येतो?"

"बदला न. दार एकच माणूस मोजते. कोण ते विचारत नाही."

मी मिहूला सासूबाईंच्या कडेवर दिलं. त्या 'नको, नको' म्हणत होत्या, "मले काई होत नाई गं," म्हणत होत्या, पण पाय लटपटत होते. मी मिहूचा पट्टा दाराला लावला आणि दोघींना आत ढकललं. आतल्या नर्सने त्यांना पाहिलं आणि धावत येऊन आडवं केलं, ओली फडकी काखेत ठेवली, चमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजायला लागली. मिहू शेजारी बसून त्या चमच्याकडे हात करत होती.

दार बंद झालं. मी बाहेर. माझा तवा एकतीस, बाहेर साडेतीस. मी आता कायद्याने पूर्ण सुखरूप होते.

साडेतीन होऊन गेले होते. मी ताईंना फोन लावला. त्या आदल्या रात्री मुंबईत उतरून आता नागपूरच्या विमानाची वाट बघत होत्या.

"बोल गं. पेढे आणले का?"

"ताई, कलम सात, पोटकलम तीन."

"तीन? काल तर दोनच होती."

मी वाचलं. आधी जसंच्या तसं, मग सांगायच्या पद्धतीने. प्रणयची दुपारची ड्युटी सांगितली. काचेपलीकडे झोपवलेल्या सासूबाई सांगितल्या.

"हे काल होतं?" ताईंनी विचारलं.

"होतं."

"आणि तू वाचलं नाहीस."

"नाही."

"ईश्वरी, इतकी वर्षं मी कानांवर राजकारण केलं. माझे कान म्हणजे तू. माहीत आहे न तुला?"

"हो ताई."

"मिहूचा तवा लागला का?"

"काल. अठ्ठावीस."

"हं," ताई म्हणाल्या. मग खूप हळू, "म्हणजे मोडलं तर पहिलं तुझंच जाते."

"हो."

"आणि माझं पण. लोकांना काय सांगू? दोन वर्षं भांडून हक्क आणला आणि उंबऱ्यावरून परत केला? बाया जोड्याने मारतील मला. अठ्ठावीसवाली पोरगी काय तुझी एकटीची आहे का?"

गळ्यातून घाम खाली सरकत होता आणि मला त्या घामाचं बरं वाटत होतं.

"हे बघ," ताई म्हणाल्या, "मोड असं मी तुला सांगणार नाही. उद्या पोरीला काही झालं तर माझ्या नावाने बोटं मोडशील. आणि नको मोडू असंही सांगत नाही. मला फक्त एक सांग. हे तीन नंबर तू गटातल्या बायांना कसं सांगशील? तोंडावर, समोर बसवून?"

मी काचेतून पाहिलं. नर्सने सासूबाईंच्या पाठीला हात देऊन त्यांना टेकवलं होतं. त्या तिलाही काहीतरी सांगत होत्या. ओठांवरून मला कळलं, काय ते.

"सांगेन की," मी म्हटलं, "जिने आजवर कधी तक्रार केली नाही, तिला यापुढे तक्रार करता येणार नाही."

"लिही," ताई म्हणाल्या. "माझ्या नावाने घाल. कारण एका वाक्यात मागतात न? एकाच वाक्यात दे. आणि सोमवारी ऑफिसात ये, तेव्हा तुला काय बोलायचं ते बोलीन मी."

मी बाकावर बसून लिहायला लागले. कायद्याची वाक्यं मला येतात. 'मूलभूत तत्त्वांशी विसंगत' लिहिलं, खोडलं. 'वैज्ञानिकदृष्ट्या अपुरे' लिहिलं, खोडलं. अंगठ्याचा घाम पडद्यावर लागून अक्षरं भलतीच उमटत होती. शेवटी जे पाठवलं त्याचा अर्थ असा: एखाद्या देहाने एके दिवशी सोसले, म्हणून त्याच्यावर पुढे सोसत राहण्याचे बंधन टाकता येणार नाही, सबब पोटकलम तीन मान्य नाही.

बटणावर बोट ठेवलं तेव्हा आत मिहूने चमचा पकडला होता. सगळं पाणी तिच्या अंगावर सांडलं होतं आणि ती हसत होती. आठ महिन्यांची. मी हे वाक्य पाठवलं नाही तर हिला पुढचा जून डोंगरावर काढता येईल. मला एवढंच करायचं होतं की काहीच करायचं नव्हतं. फोन पर्समध्ये टाकायचा आणि पंधरा मिनिटं इकडेतिकडे बघायचं.

दाबलं.

क्षणात पावती आली. कलम सात, कंसात. त्यामागोमाग निरोप यायला लागले. एका छोट्या बेटावरच्या खासदाराने एका ओळीत आभार मानले. उत्तरेकडच्या कुठल्याशा देशातल्या एका सहायकाने विचारलं, तुमच्या या एका वाक्यामुळे किती मुलांची जागा गेली याचा अंदाज तरी आहे का तुम्हाला? तो मला ओळखत नव्हता. मी त्याला उत्तर लिहायला घेतलं आणि सोडून दिलं. त्याचं म्हणणं चूक नव्हतं.

मेश्रामने मला पाणी आणून दिलं. "आजीबाई बोलायला लागल्या," तो म्हणाला. "नर्सबाईला म्हणतात, मले काई झालं नाई, घरी सोडा."

तेवढ्यात प्रणयचा फोन आला.

"चार वाजले," तो म्हणाला. त्याच्या मागे वारा नव्हता, फक्त दूरवर कुठेतरी जनरेटर. "झालं न पास?"

"नाही. हरकत आली."

"कोणाची? त्या थंड्यावाल्यांची?"

"माझी. ताईंच्या नावाने, पण माझी."

पलीकडे लोखंडावर पकड आपटल्याचा आवाज आला.

"मिहूचं?" तो म्हणाला.

"मिहूचंही गेलं. निदान दोन वर्षं."

"तू वेडी झाली का? काल सगळं ठरलं होतं आपलं."

"तू सोसायचं ठरलं होतं. आईंनी सोसायचं ठरलं होतं. आई गारघरात आहेत प्रणय, सलाइन लावतील बहुतेक. बऱ्या आहेत आता. बत्तीसवाल्या आई."

"काय झालं आईले?"

"पोट बिघडलं होतं. घाम यायचा थांबला, तरी कोणाला बोलल्या नाहीत."

"मला विचारायचं तरी एकदा," तो म्हणाला. आवाज चिडलेला होता, आणि आणखी काहीतरी होतं त्यात, शब्द एकमेकांना चिकटल्यासारखे येत होते. "पोरगी माझी पण आहे. दोन उन्हाळे कुठं ठेवशील तिला? सांग न. कुठं?"

"मला माहीत नाही."

"माहीत नाही म्हणते."

"तू कुठे आहेस आत्ता?"

"कुठं राहणार? वर. एक फेज जोडून झाला, दोन बाकी आहेत. अर्धं शहर बसलं आहे बिनविजेचं."

"कधीपासून वर आहेस?"

"तू विषय बदलू नको."

"प्रणय, घाम येतोय का तुला?"

"काय?"

"कपाळाला हात लाव. ओला आहे का सांग."

"हातात मोजे आहेत."

"काढ."

मी ऐकत राहिले. रबराचा मोजा ओढल्याचा आवाज आला. आत काचेपलीकडे मिहू उभं राहायला बघत होती आणि पडत होती आणि मी तिच्याकडे बघत असूनही बघत नव्हते.

"ईश्वरी," तो म्हणाला. आता त्याचा आवाज वेगळा होता, लहान झालेला. "कोरडं आहे गं."

"उतर."

"साहेब म्हणतील..."

"साहेबांना माझा नंबर दे. तू उतर. हळू. बोलू नकोस, फक्त उतर."

कमरेच्या पट्ट्याची कडी वाजली. मग खांबाच्या लोखंडावर बूट, एक, थांबून आणखी एक. खालून कोणीतरी ओरडून त्याला विचारत होतं, काय झालं बे, उतरून काहून राहिला. तो उत्तर देत नव्हता. त्याचा बूट जमिनीला टेकल्याचं ऐकू येईपर्यंत मी फोन कानापासून हलवला नाही.